सफरचंदाची शिंदी

परभणी सोडून मनमाडच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात पेडगावचं छोटं स्टेशन येतं. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यातल्या काळ्या रानांत ज्वारी हुरड्यावर आलेली असते आणि पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुलं त्या दिवसांत हमखास गावी येतात, बहुतेकदा दोन-चार मित्रांना सोबत घेऊन. आगटी पेटते, कणसं निखाऱ्यात जातात, गरम दाणे तळहातावर चोळून शेजाऱ्याच्या ओंजळीत पडतात. समजा, अशाच एका संध्याकाळी कुणीतरी पिशवीतून सफरचंदाच्या सायडरची बाटली काढली. आगटीशी बसलेले मामा विचारणारच, "हे काय रे बाबा नवीन?" त्यांना काय सांगायचं?

माझं उत्तर ठरलेलं आहे: "मामा, ही सफरचंदाची शिंदी."

यापेक्षा नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही. सायडर ही गाळलेली दारू नव्हे, तिला भट्टी लागत नाही. धान्य शिजवून केलेली बिअरही नव्हे. झाडाने दिलेला गोड रस आपोआप आंबतो, फेसाळतो आणि त्याला किंचित कैफ चढतो, एवढीच तिची कथा. शिंदीची कथाही हीच. दोन्ही रसांतली साखरसुद्धा जवळपास सारखी, साधारण दहा ते चौदा टक्के. एक रस खोडातून झिरपतो, दुसरा फळातून पिळून काढतात. म्हणून चांगली सायडर कशी निवडायची हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायचं असेल, तर सुरुवात इंग्लंडच्या सफरचंदबागेतून करू नये. ती ओढ्याच्या काठच्या शिंदीपासून करावी.

शिंदी म्हणजे रानखजूर. ताड वेगळा, कोकणातला माड वेगळा. गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या खोऱ्यांत ओढ्यानाल्यांच्या ओलसर काठाने शिंदी आपोआप उगवते. तिच्या पानांच्या केरसुण्या आणि फडे होतात. लक्ष्मीपूजनाला आपण हळद-कुंकू वाहून जिची पूजा करतो ती केरसुणी या झाडाची. फळं बारीक, गर कमी, बी मोठी. ती पोरंच खातात. खरा ऐवज असतो शेंड्याजवळच्या खोडात. थंडीच्या दिवसांत तिथल्या पानांचे देठ छाटून खोडाचा पृष्ठभाग तासतात, खाच पाडतात आणि खाली गाडगं बांधतात. रात्रभर थेंब थेंब रस गाडग्यात पडतो. पहाटे उतरवलेला, अजून न आंबलेला रस म्हणजे नीरा. पारदर्शक, थंड, गोड, वासाला जराशी हिरवी.

आणि इथून घड्याळ सुरू होतं. रस गाडग्यात पडतो तेव्हाच हवेतले आणि गाडग्याच्या आतल्या बाजूला आधीपासून बसलेले सूक्ष्मजीव त्याच्यावर तुटून पडतात. ऊन वर आलं की नीरेची शिंदी होऊ लागते. दुपारपर्यंत ती पांढुरकी होते, फेस धरते, जिभेला चावते. त्या दिवसात तिच्यात साधारण चार-पाच टक्के अल्कोहोल तयार होतं. आणखी एक-दोन दिवस ठेवली तर तिचा शिरका होतो. म्हणून शिंदी पिणारा माणूस कधी तिचं नाव विचारत नाही, तो वेळ विचारतो. कधी उतरवली? कोणत्या झाडाची? कुणी उतरवली? या तीन प्रश्नांच्या पलीकडे निवडीचं फारसं शास्त्र नाही, आणि हेच तीन प्रश्न सायडरलाही विचारायचे असतात. फरक इतकाच की सायडरचं घड्याळ फार सावकाश चालतं.

झाडाला विश्रांती हवी, हेही शिंदीवाल्यांना ठाऊक असतं. याच झाडाच्या रसापासून बंगालमध्ये हिवाळ्यात नोलेन गूळ करतात. तिथे काही दिवस रस काढला की काही दिवस झाडाला सोडून देतात. विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस सर्वांत स्वच्छ आणि गोड मानला जातो आणि उत्तम गूळ त्याचाच होतो. निवडीत इतका बारकावा आपल्या ओढ्याकाठीही होता, असं मला वाटतं. मग तो पुसला का गेला?

त्याचं एक कारण इतिहासात आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता. शिंदीच्या झाडांवर सरकारचा हक्क, रस काढण्याचे आणि विकण्याचे गुत्ते लिलावाने दिले जात आणि गुत्तेदार आपली रक्कम गावोगावच्या शिंदीखान्यांतून वसूल करी. दिवसभर राबलेल्या मजुराची रोजी संध्याकाळी त्याच दारात रिकामी व्हायची. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, तेव्हा जंगल सत्याग्रहाबरोबरच शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम मराठवाड्यात आणि तेलंगणात झाला. हेतू दुहेरी होता: निजामाचं उत्पन्न बुडवायचं आणि गावाला व्यसनातून सोडवायचं. करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले झाले तसेच शिंदीच्या बनांवर कुऱ्हाडी चालल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं.

त्या कुऱ्हाडी चालवणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो कमी होण्याचं कारण नाही. शिंदीखाना ही जुलमाची शाखा होती. पण झाडाबरोबर एक जाण तुटली, हेही खरं. रस ओळखणारी, वेळ ओळखणारी, "आज नको, आज झाड दमलंय" असं सांगू शकणारी माणसं त्या धंद्यातून बाजूला गेली, आणि ज्या भागात शिंदी-ताडीची दुकानं उरली त्यांतल्या कित्येक दुकानांत झाडाचा रस नावापुरताच राहिला. आंध्र-तेलंगणात पकडल्या गेलेल्या बनावट ताडीत क्लोरल हायड्रेट आणि अल्प्राझोलामसारखी गुंगीची औषधं सापडतात. पाणी, सॅकरिन, फेसाची पूड आणि गुंगी, की झाली ताडी. ज्याला सवय लागते त्याला ती मिळाली नाही तर झटके येतात. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. तिथे प्रकार वेगळा होता, मिथेनॉलचा. पण मूळ एकच: पिणाऱ्याला हे कुणी आणि कशापासून केलं, हे विचारता येत नव्हतं.

सायडरच्या मुलखातही हे घडून गेलेलं आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सतराव्या-अठराव्या शतकांत दर हंगामात लोकांना भयंकर पोटदुखी व्हायची, हातपाय लुळे पडायचे, काही मरायचे. त्या दुखण्याला 'डेव्हनची पोटदुखी' असंच नाव पडलं होतं. लोक सफरचंदाच्या आंबटपणाला दोष देत. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या वैद्याने दाखवून दिलं की दोष सफरचंदाचा नाही, शिशाचा आहे. चरकाच्या दगडांचे सांधे शिशाने भरलेले, काही घाण्यांना शिशाचं अस्तर. आंबट रस ते शिसं विरघळवून पिंपात नेत होता. बागाईतदार बेकरवर चिडले, पण हळूहळू शिसं हद्दपार झालं आणि पोटदुखीही गेली. त्याच इंग्लंडमध्ये शेतमजुरांच्या मजुरीचा एक भाग सायडरच्या रूपात द्यायची रीत होती. १८८७ च्या कायद्याने ती बंद केली. शिंदीखान्यात रोजी घालवणारा मजूर आणि रोजीऐवजी सायडरचा लाकडी बुधला हाती पडणारा मजूर, दोघांचं दुखणं फार दूरचं नाही.

आता सफरचंदाकडे येऊ. आपल्याकडच्या फळबाजारात लालभडक, गोड, रसाळ सफरचंद मिळतं ते बहुतांशी डेलिशियस कुळातलं. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेतून आलेल्या आणि हिमाचलातल्या कोटगढला स्थायिक झालेल्या माणसाने १९१६ च्या सुमारास ती कलमं तिथे लावली आणि त्या डोंगराचं अर्थकारण बदललं. खायला हे फळ उत्तम. पण त्याची सायडर केली तर ती पाणचट लागते, कारण नुसत्या गोडीवर पेय उभं राहत नाही. साखर आंबून गेल्यावर मागे जे उरतं, तीच सायडरची खरी चव, आणि मागे काय उरणार हे फळातल्या आंबट आणि तुरट अंशांवर ठरतं.

तुरट म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावायची गरज नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते, कच्च्या कवठाने गाल आत ओढले जातात, ते टॅनिनचं काम. अस्सल सायडरची सफरचंदं अशीच असतात. नुसती खाल्ली तर तोंड वाकडं होतं, म्हणून ती बाजारात फळ म्हणून विकली जात नाहीत. ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन इथे १९०३ मध्ये सायडरसाठी एक संशोधन संस्था उभी राहिली आणि तिथल्या बी. टी. पी. बार्कर यांनी या फळांची चार घराणी पाडली: गोड, आंबट, गोड-तुरट आणि आंबट-तुरट. डॅबिनेट हे गोड-तुरट घराण्यातलं नामांकित फळ. किंग्स्टन ब्लॅक आंबट-तुरट, आणि ज्या थोड्या जातींची सायडर कशातही न मिसळता पूर्ण लागते त्यांतली एक. बाकी बहुतेक सायडर मिश्रणाची असते.

हुरड्याचंच उदाहरण घ्या. गूळभेंडीचं कणीस आणि कुठल्याही संकरित ज्वारीचं कणीस दोन्ही भाजता येतात, पण आगटीवर बसलेला माणूस दोन दाण्यांत फरक सांगतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी शक्ती असे ज्वारीचे वाण दिले. ते भाकरीसाठी, कडब्यासाठी, लोह-जस्तासाठी नावाजले, पण हुरड्याचा वाण म्हटलं की शेतकरी बांधालगतची चार तासं वेगळी पेरतो. सायडरचा बागाईतदारही तेच करतो: विकायचं फळ एकीकडे, पिळायचं फळ दुसरीकडे.

फळ झाडावरून पडू देतात, काही दिवस ढिगात मऊ होऊ देतात, मग ठेचून चोथा करतात आणि चरकात दाबतात. गुऱ्हाळ पाहिलेल्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. कढई तेवढी नाही. रस लाकडी पिंपात भरला की यीस्ट आपलं काम सुरू करतं. आता शिंदीशी फरक पाहा. पेडगावला रस दुपारपर्यंत आंबतो, कारण ऊन. इंग्लंडातल्या हिअरफर्डशायरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरलेलं पिंप पुढच्या वसंतापर्यंत गार अंधारात कुजबुजत राहतं. आंबणं जितकं सावकाश, तितका फळाचा वास टिकतो. वसंतात ऊब आली की दुसरा बदल होतो: फळातलं तीव्र मॅलिक आम्ल जिवाणूंमुळे सौम्य लॅक्टिक आम्लात बदलतं, म्हणजे ताकात असतं त्या आम्लात. चव मवाळ होते. फ्रान्सच्या नॉर्मंडीत तर आंबण्याआधीच रसातलं पेक्टिन साकळून वर तपकिरी थर येऊ देतात आणि खालचा स्वच्छ रस काढून घेतात. त्या रसात साखर असते, पण यीस्टला लागणारी बाकीची पोषणद्रव्यं फारशी उरत नाहीत, त्यामुळे आंबणं अर्ध्यावर थांबतं आणि सायडर साखर न घालता नैसर्गिक गोड राहते.

एक गोष्ट मला या सगळ्यात फार मोलाची वाटते. ताडी-शिंदी आंबवण्यात यीस्टच्या जोडीला झायमोमोनास नावाचा जिवाणू असतो. तो साखर झपाट्याने खातो आणि ताडीला तिचा चटका देतो. हाच जिवाणू सायडरच्या पिंपात शिरला तर तिथे तो रोग समजला जातो. गोडसर सायडर एकदम उकळू लागते, गढूळ होते आणि तिला केळीच्या सालीचा वास येतो. शास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा ओळखला तोही विसाव्या शतकाच्या आरंभी, सायडरचा हा रोग तपासतानाच. ज्याला आपल्या ओढ्याकाठी पाहुण्याचा मान, त्याला तिथे चोर म्हणतात. आंबवण्याच्या विद्येत चांगलं आणि वाईट असं कायमचं काही नसतं. कुठल्या रसात, कुठल्या हवेत, याला अर्थ असतो.

तर आता बाटली हातात आहे. परदेशात असाल किंवा भारतातल्या मोठ्या शहरातल्या दुकानात, आधी मागची पट्टी वाचा. पुढच्या बाजूला काय लिहिलंय, किती सुंदर झाड काढलंय, हे नंतर. मागे 'रस' लिहिलंय की 'संहत रसापासून', म्हणजे आटवलेल्या रसात पाणी घालून? साखर, रंग, स्वाद असे शब्द आहेत का? ब्रिटनच्या करविषयक नियमांनुसार फक्त ३५ टक्के फळरस असला तरी पेयाला सायडर म्हणता येतं. उरलेलं पाणी आणि साखर. म्हणजे नाव सायडर, पण एक तृतीयांशच झाड. जो बनवणारा संपूर्ण रसाची सायडर करतो तो ते अभिमानाने लिहितो; त्याने लिहिलेलं नसेल तर गृहीत धरू नका. मग फळांच्या जातींची नावं शोधा. आणि वर्ष. ज्या बाटलीवर पिकाचं वर्ष आहे, ती कुणीतरी एका हंगामाची म्हणून जपलेली असते. बाटलीच्या तळाशी गाळ दिसला तर बाटली परत ठेवू नका. गाळ म्हणजे बहुतेकदा यीस्ट. बाटलीतच शेवटचं आंबणं झालं, फेस बाहेरून भरला नाही, याची ती खूण असते.

भारतात असा पर्याय अजून थोडा आहे. पुण्याची मूनशाइन मीडरी मधापासून मीड करते आणि तिच्या एका प्रकारात सफरचंदाचा रस मधाबरोबर आंबवलेला असतो. ती शुद्ध सायडर नव्हे, पण आपल्या हवेत केलेलं, जवळच्या नात्यातलं पेय आहे. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवतात, पण मग तो भट्टीत जातो. पहिल्या धारेचा हुर्राक मार्च ते मे एवढ्याच दिवसांत मिळतो आणि त्याचीही निवड वेळेवरूनच होते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे बोंडांतून न दाबता आपोआप झिरपलेल्या रसाला 'नीरो' म्हणतात. आपली नीरा आणि त्यांचा नीरो हे शब्द इतके शेजारी बसतात, यातच बरंच काही आलं.

बाटली उघडल्यावरची परीक्षा नाकाची आणि जिभेची. तीव्र शिरक्याचा वास आला तर पिंपात हवा शिरली होती. थोडी आंबट धार स्पेनकडच्या सायडरमध्ये मुद्दाम असते, पण नाकपुडी जळत असेल तर ती बाटली स्वयंपाकघरात द्या. उकडलेल्या अंड्याचा वास असेल तर पेल्यात ओतून पाच मिनिटं थांबा, बहुतेकदा तो उडून जातो. सर्वांत फसवा दोष वेगळाच: वासाला काही कळत नाही, घोट गिळल्यावर काही क्षणांनी मात्र घशाशी उंदराच्या बिळासारखी चव येते. सायडर आंबट असते, आंबट रसात हा दोष लपतो, आणि तोंडातल्या लाळेने आंबटपणा उतरला की तो उघडा पडतो. म्हणून पहिला घोट लहान घ्या आणि गिळून थोडं थांबा. चार जणांना ओतण्याआधी ही जबाबदारी यजमानाची. आणि सायडर तेलासारखी घट्ट, तारेची ओतली गेली तर घाबरू नका. जिवाणूंचा खेळ आहे, अपाय नाही. गढूळपणाही दोष नाही. शिंदी पांढुरकी असते म्हणून तिला कुणी नाव ठेवत नव्हतं.

आगटीच्या भोवती पाच-सहा जण असतील तर दोन किंवा तीन वेगळ्या बाटल्या न्या, एकाच प्रकारच्या सहा नकोत. कोरडी आधी, गोड शेवटी. उलट केलं तर कोरडी कडू वाटते. हुरड्याबरोबर माझी शिफारस कोरड्या, तुरट सायडरची आहे. भाजलेल्या दाण्याची गोडी, शेंगदाण्याच्या चटणीचा तिखटपणा आणि दह्याचा ओलावा यांना ती उठाव देते. गोड सायडर हुरड्याची गोडी मारून टाकते. फ्रिजमधली बर्फगार बाटलीही नको, दहा-बारा अंश पुरेत. डिसेंबरात परभणीचा पारा रात्री कित्येकदा दहाच्या खाली जातो, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली तासभर बाहेर ठेवली तरी भागतं.

वाटून पिण्याची सर्वांत सुंदर रीत मला स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात दिसते. तिथली सायडर नैसर्गिक, फेस फार कमी. ओतणारा बाटली डोक्यावर हात ताणून धरतो, पेला मांडीजवळ, आणि बारीक धार इतक्या उंचीवरून पेल्याच्या कडेवर आपटते की क्षणभर फेस उठतो. पेल्यात फक्त दोन बोटं. ती एका दमात प्यायची, कारण तो फेस क्षणात जातो. शेवटचा घोट प्यायचा नाही. ज्या कडेला ओठ लागले त्या कडेवरून तो जमिनीवर ओतून पेला विसळायचा आणि पुढच्याला द्यायचा. पेला एक, माणसं पाच. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने आस्तुरियासच्या या सायडर-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पेयाचं हे कौतुक नाही, ते वाटण्याच्या रीतीचं आहे, असं मी मानतो. तळहातावर चोळलेला हुरडा शेजाऱ्याच्या ओंजळीत टाकणाऱ्या माणसाला हे समजायला वेळ लागणार नाही.

आता न पिणाऱ्यांबद्दल, आणि ही गोष्ट मी शेवटची म्हणून टाळणार नाही. गंगाखेड जनाबाईंचं गाव, याच जिल्ह्यातलं. पेडगावच्या कुठल्याही आगटीभोवती गळ्यात तुळशीची माळ असलेला एक तरी माणूस बसलेला असतो. त्याला "थोडी घ्या की" म्हणणं हा अपमान आहे, आणि त्याच्यासमोर बाटली उघडण्याआधी त्याला विचारणं हे सायडर निवडण्याइतकंच गरजेचं आहे. त्याच्यासाठी काय आणलंय, यावर यजमानाची पारख होते. माझ्या मते त्याच्यासाठी नीरा आणावी. महाराष्ट्रात नीरा परवान्यानेच विकली जाते. शहरांतल्या नीरा केंद्रांवर ती गार ठेवलेली मिळते आणि गार ठेवली तरच ती नीरा राहते. पूर्वी गाडग्याला आतून चुना लावत. चुन्याच्या क्षारामुळे आंबणं लांबायचं. आजही विकत घेताना तिथे विचारा: आजची का? सकाळची का? शीतपेटीतून दिली का? गोडीत आंबट धार असेल तर ती आंबायला लागलेली आहे, माळकऱ्याला देऊ नका. आणि झाडावरून थेट उतरवलेली कच्ची नीरा कुणी प्रेमाने दिली तर एवढं जरूर पाहा की गाडगं रात्री झाकलेलं होतं का. बांगलादेशात खजुरीचा उघड्या मडक्यातला रस वटवाघळं चाटतात आणि त्यातून निपाह विषाणू माणसांत आल्याचं सिद्ध झालेलं आहे. मडक्यावर बांबूची किंवा पानांची झापड बांधली की धोका मोठ्या प्रमाणात टळतो.

पिणाऱ्यांनीही कायदा लक्षात ठेवावा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची २१ वर्षं आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, शिवाय परवाना लागतो. परतीचं वाहन चालवणाऱ्याने नीरेच्याच बाजूला बसावं.

पुढच्या हिवाळ्यात पेडगावकडे गेलात, तर हुरडा आटोपल्यावर अंधार पडायच्या आत ओढ्याकडे एक चक्कर मारा. शिंदीचं जुनं झाड उभं असेल तर त्याच्या खोडाला हात लावून पाहा. रस काढलेल्या शिंदीच्या खोडावर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला अशा खाचा पडलेल्या असतात, कारण दरवर्षी बाजू बदलून छेद घेतात. त्या खाचा खालून वर मोजा. जितक्या खाचा, तितके हंगाम त्या झाडाने गावाला रस दिला.